घटस्फोटाचें दप्तर कोठें शोधावें व त्याची नक्कल कशी मागावी

शेतकरी बंधु सातबाराचा उतारा, फेरफार, मोजणीचा नकाशा व सोसायटीच्या कर्जाचा दाखला हे कागद जपून ठेवितात. लग्नाचा दाखला ठेवणारे त्या मानानें थोडे, आणि लग्न मोडल्याचा कागद ठेवणारे तर फारच थोडे. वास्तविक ज्या घराण्यांत एकदां काडीमोड झाली आहे, त्या घराण्याची जमीन पुढें कोणाकडे जावयाची हें कित्येकदां त्या एका कागदावरच अवलंबून असतें. नवरा मयत झाल्यावर दोन स्त्रिया विधवा म्हणून तलाठ्याकडे येतात. एक म्हणते, माझी सोडचिठ्ठी कधीं झालीच नाहीं. दुसरी म्हणते, ती वीस वर्षांपूर्वींच झाली. कागद मात्र कोणाजवळच नसतो. मग वारसाची नोंद अडते, पीककर्ज अडतें, जमीन संपादनांत गेली असल्यास मोबदल्याची रक्कम अडकून पडते, आणि जिचा हक्क खरा तिलाच पदरचा पैसा खर्चून तो सिद्ध करावा लागतो.

आळंदीच्या आसपासच्या शेतकऱ्यांस या विषयाची माहिती असणें दोन कारणांनीं अगत्याचें आहे. पहिलें कारण असें कीं, चाकणच्या कारखान्यांमुळें खेड तालुक्यांतील जमिनीस मोठें मोल आलें आहे, आणि मोल आलें कीं विसरलेले वारस आठवतात. दुसरें कारण आळंदी क्षेत्राचें स्वतःचें आहे. ज्ञानेश्वरमहाराजांच्या समाधीच्या या गांवीं, इंद्रायणीच्या कांठच्या मंगल कार्यालयांत व धर्मशाळांत, दूरदूरच्या जिल्ह्यांतील वधूवरांचीं लग्नें लागतात. लग्न आळंदीस, सासर मराठवाड्यांत, माहेर सातारा जिल्ह्यांत आणि बिऱ्हाड पिंपरी-चिंचवडांत, असा प्रकार येथें नवा नाहीं. असें लग्न मोडलें म्हणजे त्याचें दप्तर या चारांपैकीं कोणत्याही ठिकाणीं असूं शकतें. तें कसें शोधावें, कोणाकडे मागावें व हातीं आल्यावर त्यांत काय पाहावें, याचा विचार या पाठांत क्रमाक्रमानें करूं.

१. घटस्फोटाचें स्वतंत्र रजिस्टर नसतें

पुष्कळ लोक नगरपरिषदेंत जाऊन घटस्फोटाचा दाखला मागतात. तो तेथें मिळावयाचा नाहीं. जन्म व मृत्यु यांची नोंद १९६९ च्या कायद्यान्वयें होते. लग्नाची नोंद महाराष्ट्रांत पूर्वीं १९५३ च्या मुंबई कायद्याखालीं होत असे, व आतां १९९८ च्या कायद्याखालीं होते. घटस्फोटाची नोंद करणारें असें कोणतेंही रजिस्टर ग्रामपंचायतींत किंवा नगरपरिषदेंत ठेविलें जात नाहीं. घटस्फोट देणारें न्यायालय हेंच त्याचें मूळ स्थान, आणि न्यायालयाचा हुकूमनामा हाच त्याचा दाखला.

यांतून एक गोष्ट निघते व ती नीट ध्यानांत ठेवावी. लग्न न्यायालयानें मोडलें तरी विवाह नोंदणीच्या पुस्तकांतील मूळ नोंद जागच्या जागींच राहते. त्यामुळें दहा वर्षांपूर्वीं मोडलेल्या लग्नाचाही दाखला आज अर्ज केल्यास मिळूं शकतो. विवाहाचा दाखला हा लग्न लागल्याचा पुरावा होय. तें लग्न आजही कायम आहे याचा तो पुरावा नव्हे. वारसाच्या चौकशींत केवळ त्या दाखल्यावर विसंबून राहिल्यास फसगत होते.

गोव्याची रीत याहून वेगळी आहे. पोर्तुगीज सरकारनें १९१० सालीं घटस्फोटाचा कायदा केला व तो गोव्यासही लागू झाला. तेथें विवाहाची नोंद मुलकी निबंधकाकडे असते आणि घटस्फोटाचा निकाल झाल्यावर त्याचा शेरा त्याच नोंदीवर चढतो. म्हणून सोयरीक गोव्याकडची असेल तर विवाहनोंदीची ताजी नक्कल मागविली असतां घटस्फोटाचाही उलगडा होतो. आपल्याकडे तो मार्ग नसल्यामुळें न्यायालयाचाच उंबरठा गांठावा लागतो.

२. प्रथम काळ ठरवावा

शोध घेण्यापूर्वीं लग्न कोणत्या सुमारास मोडलें हें घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून ठरवावें. काळाप्रमाणें दप्तर बदलतें.

१९४७ पूर्वींचा काळ : या काळांत हिंदूंस न्यायालयाकडून घटस्फोट मागण्याचा सामान्य कायदा मुंबई इलाख्यांत नव्हता. परंतु अनेक शेतकरी व कारागीर जातींत काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी व त्यानंतरचा पाट या रूढी चालत असत. एल्फिन्स्टनच्या कारकिर्दींत आर्थर स्टील यानें दख्खनच्या जातींच्या चालीरीतींचा मोठा संग्रह केला, तो १८२७ सालीं सरकारनें प्रसिद्ध केला. एखाद्या जातींत अशी रूढि होती कीं नव्हती असा वाद निघाल्यास असले जुने संग्रह आजही पाहिले जातात. मात्र जातपंचायतीचा शब्द म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. १८७६ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, नवऱ्याच्या संमतीवांचून बायकोचें लग्न मोडून तिला दुसरें लग्न करण्याची मुभा देण्याचा पंचायतीचा अधिकार न्यायालय मानणार नाहीं. या काळांतील काडीमोडीचा कागद मिळाल्यास तो बहुधा घरच्या मोडी दप्तरांतच मिळतो. पेशवाईंत पाटावर ‘पाटदाम’ नांवाचा कर घेत असत; घराण्याचा त्याहून जुना इतिहास शोधावयाचा असल्यास पुण्याच्या पुरालेखागारांतील पेशवे दप्तर पाहावें लागेल.

१९४७ ते १९५५ : मुंबई इलाख्यांत १९४६ सालीं हिंदूंच्या द्विभार्या विवाहास बंदी करणारा व १९४७ सालीं हिंदु घटस्फोटाचा, असे दोन कायदे झाले. बडोदें संस्थानांत सयाजीराव महाराजांनीं त्यापूर्वींच, १९३१ सालीं, घटस्फोटाचा कायदा केला होता. या वर्षांतील निकालांचीं दप्तरें त्या त्या ठिकाणच्या दिवाणी न्यायालयांच्या जुन्या अभिलेखांत शोधावीं.

१८ मे १९५५ नंतर : या दिवशीं हिंदु विवाह कायदा अमलांत आला व आधींचे मुंबईचे दोन्ही कायदे रद्द झाले. यानंतरचे हिंदु, बौद्ध, जैन व शीख यांचे घटस्फोट याच कायद्याखालीं झालेले असतात. परस्पर संमतीनें घटस्फोट घेण्याची तरतूद १९७६ सालीं त्यांत घातली गेली. म्हणून ‘आमचा १९७० सालीं संमतीनें कोर्टांत घटस्फोट झाला’ असें कोणी सांगितल्यास, तो निकाल या कायद्याच्या कोणत्या कलमाखालीं झाला हें अवश्य तपासावें.

नोंदणी पद्धतीनें लग्न झालें असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा लागू होतो. ख्रिस्ती लोकांस १८६९ चा कायदा लागू आहे. २००१ च्या दुरुस्तीपूर्वीं जिल्हा न्यायाधीशाचा असा हुकूमनामा उच्च न्यायालयाकडून कायम व्हावा लागे, म्हणून जुन्या प्रकरणांत मुंबईचें दप्तरही पाहावें. मुसलमान स्त्रीस १९३९ च्या कायद्यान्वयें न्यायालयांतून विवाह रद्द करून घेतां येतो. आणि २०१९ च्या कायद्यानें एका दमांत तीनदां उच्चारलेला तलाक निरर्थक ठरविला आहे.

३. न्यायालय कोणतें?

हिंदु विवाह कायद्याचें एकोणिसावें कलम हें शोध घेणाऱ्याचें खरें होकायंत्र आहे. त्याप्रमाणें घटस्फोटाचा अर्ज पुढील ठिकाणीं करतां येतो :

(अ) जेथें लग्न लागलें तेथें;
(आ) अर्ज करते वेळीं सामनेवाला जेथें राहत असेल तेथें;
(इ) जेथें पतिपत्नी शेवटचीं एकत्र राहिलीं तेथें;
(ई) पत्नी अर्जदार असेल तर ती अर्जाच्या वेळीं जेथें राहत असेल तेथें.

यांतील शेवटची सोय २००३ सालीं झाली. म्हणून २००३ नंतरच्या प्रकरणांत बाईच्या माहेरच्या तालुक्याचें न्यायालय प्रथम पाहावें; त्यापूर्वींच्या प्रकरणांत लग्नाचें गांव व शेवटचें बिऱ्हाड हीं दोन ठिकाणें आधीं पाहावीं. सामनेवाला परदेशीं असेल किंवा सात वर्षें बेपत्ता असेल तर अर्जदाराच्या राहत्या ठिकाणींही अर्ज होतो.

आळंदीस लग्न लागलें एवढ्या एका गोष्टीवर खेड-राजगुरुनगर येथील दिवाणी न्यायालयास अधिकार पोहोंचतो, मग वधूवर कोठचेही असोत. येथें पुष्कळांची एक गफलत होते. आळंदीचें पोलीस ठाणें २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाखालीं आहे, त्यावरून न्यायालयही तिकडचेंच असें लोक धरून चालतात. महसुली तालुका मात्र खेडच आहे. पोलिसांच्या हद्दीवरून घटस्फोटाचें न्यायालय कधींही ठरवूं नये.

बिऱ्हाड पुणें शहरांत किंवा पिंपरी-चिंचवडांत असेल तर पुण्याच्या कुटुंब न्यायालयांत शोध घ्यावा. अशीं न्यायालयें १९८४ च्या कायद्यान्वयें निघालीं. पुण्यांत तें स्थापन होण्यापूर्वींचीं शहरांतील प्रकरणें शिवाजीनगरच्या दिवाणी न्यायालयाच्या अभिलेखांत पाहावीं. कधीं कधीं एका जिल्ह्यांतील प्रकरण उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमानें दुसऱ्या जिल्ह्यांत वर्ग होतें व तेथें त्यास नवा नंबर पडतो. पहिल्या न्यायालयाच्या रजिस्टरांत ‘वर्ग’ असा शेरा दिसल्यास पुढचा माग तेथूनच काढावा.

४. नंबर कसा काढावा?

न्यायालयाचें दप्तर नांवावर नव्हे, नंबरावर चालतें. प्रकरणाचा नंबर व साल हातीं आलें कीं निम्में काम झालें. तो पुढील मार्गांनीं काढावा.

पहिला मार्ग घरचाच. समन्स, वकिलाची चिठ्ठी, फीची पावती, पोटगीच्या हुकुमाची प्रत, यांपैकीं कशावर तरी नंबर असतो. घटस्फोटाबरोबर बहुधा फौजदारी न्यायालयांत पोटगीचें प्रकरणही चाललेलें असतें, व त्या निकालांत घटस्फोटाच्या अर्जाचा उल्लेख येतो. ज्या वकिलानें काम चालविलें त्याच्या कचेरींतही चौकशी करावी.

दुसरा मार्ग ई-कोर्ट्स या सरकारी संकेतस्थळाचा. त्यावर जिल्हा व न्यायालय निवडून, पक्षकाराचें नांव व साल घालून, निकाली प्रकरणें शोधतां येतात. प्रत्येक प्रकरणास सोळा अक्षरांकांचा एक कायमचा क्रमांक असतो. तो टिपून ठेवावा. नांवाचीं इंग्रजी अक्षरें कारकुनानें कशीं लिहिलीं असतील याचा नेम नसल्यानें दोनचार प्रकारांनीं शोध घ्यावा. आणि स्त्रीचें नांव माहेरच्या व सासरच्या अशा दोन्ही आडनांवांनीं पाहावें. नांव न सांपडलें म्हणजे प्रकरण झालेंच नाहीं असें मात्र समजूं नये. जुनीं प्रकरणें कित्येकदां संगणकावर चढलेलीं नसतात, आणि वैवाहिक प्रकरणांतील निकाल गोपनीयतेस्तव सर्वांस खुले ठेवीत नाहींत.

तिसरा मार्ग न्यायालयाच्या अभिलेख कक्षांतील रजिस्टरांचा. दरसालचें विवाह अर्जांचें रजिस्टर असतें व त्यांत पक्षकारांचीं नांवें, दाखल तारीख, निकालाची तारीख व निकालाचा थोडक्यांत सारांश असतो. ठराविक फी भरून शोधाचा अर्ज द्यावा. ‘अंदाजें पंधरा-वीस वर्षांपूर्वीं’ असा मोघम अर्ज दिल्यास कारकून तो परत करतो. दोन किंवा तीन सालें नेमकीं लिहावीं.

५. नक्कल कोणास मिळते व अर्ज कसा करावा

पक्षकारांचा हक्क सर्वांत मोठा. हिंदु विवाह कायद्याच्या तेविसाव्या कलमान्वयें घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत न्यायालयानें उभय पक्षांस विनामूल्य द्यावयाची असते. ती निकालाच्या वेळींच मागून घ्यावी. पुढें हरवल्यास फी भरून सही-शिक्क्याची नक्कल केव्हांही मागतां येते. पक्षकार मयत असेल तर त्याच्या वारसानें मृत्यूचा दाखला व आपलें नातें दाखविणारा कागद जोडून अर्ज करावा.

त्रयस्थाची गोष्ट निराळी. वैवाहिक खटले बंद दालनांत चालवावे व त्यांतील हकीकत छापून प्रसिद्ध करूं नये असें कायद्याचें बाविसावें कलम सांगतें. म्हणून जमीन घेणाऱ्यास किंवा भाऊबंदास नक्कल हवी असल्यास त्यानें प्रतिज्ञापत्र जोडून आपला हितसंबंध व कारण स्पष्ट मांडावें. नक्कल द्यावी कीं न द्यावी हें न्यायालय ठरवितें. बहुधा हुकूमनाम्यापुरतीच मागणी केल्यास ती मान्य होणें सोपें जातें. अर्जांतील आरोप-प्रत्यारोप व साक्षी यांची नक्कल मागण्याचें त्रयस्थास सहसा कारण नसतें.

कांहीं लोक अशा वेळीं माहिती अधिकाराचा अर्ज करतात. त्यांत महिना वायां जातो. न्यायालयीन कामकाजाच्या नकला त्या त्या न्यायालयाच्या नियमांप्रमाणेंच मागाव्या, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें मार्च २०२० मध्यें दिला आहे.

अर्जाचा नमुना येणेंप्रमाणें :

“मे. दिवाणी न्यायाधीश साहेब, मुक्काम …… यांचे न्यायालयांत.
विवाह अर्ज नंबर …… सन ……
अर्जदार : …… सामनेवाला : ……
निकालाची तारीख : ……
विषय : सही-शिक्क्याच्या नकलेबद्दल.
अर्जदार खालीं सही करणार, राहणार ……, तालुका ……, हा वरील प्रकरणांतील पक्षकार (अथवा मयत पक्षकाराचा वारस, नातें ……) आहे. मौजे …… येथील गट नंबर …… या जमिनीस वारसाची नोंद करणेंकामीं खालील कागदांच्या प्रत्येकीं दोन नकला हव्या आहेत :
(१) न्यायनिर्णय, (२) हुकूमनामा, (३) तडजोडपत्र असल्यास तें.
नकलेची फी भरण्यास तयार आहे. तारीख …… सही ……”

नकला दोन घ्याव्या. एक महसूल कचेरींत द्यावयाची, एक घरीं ठेवावयाची. सही-शिक्क्याची नक्कल ही सार्वजनिक दस्तऐवजाची प्रमाणित प्रत असल्यामुळें ती पुराव्यांत मूळ कागदाप्रमाणें चालते. साधी छायाप्रत चालत नाहीं. अर्जाची पावती, नक्कल तयार झाल्याची तारीख व ती मिळाल्याची तारीख जपून ठेवाव्या, कारण अपिलाची मुदत मोजतांना नकलेस लागलेले दिवस वजा होतात.

६. नक्कल हातीं आल्यावर काय पाहावें

(अ) हुकूमनामा कशाचा आहे? न्यायिक विभक्ततेचा हुकूमनामा म्हणजे घटस्फोट नव्हे. त्यानें एकत्र राहण्याचें बंधन सुटतें. लग्न कायम राहतें व पत्नीचा वारसाहक्कही कायम राहतो. नांदावयास येण्याबद्दलचा हुकूमनामाही घटस्फोट नव्हे. खेडोपाडीं या तिन्हींस ‘कोर्टाची फारकत’ असें एकच नांव देतात व त्यापासून अनर्थ होतो.

(आ) तारीख काय आहे? अर्ज चालू असतां पति मयत झाला व हुकूमनामा झालेला नसला, तर लग्न मोडलेलें नसतें. पत्नी ही विधवा म्हणून वारस होते. पंचवीस वर्षें निरनिराळीं राहिलीं, तरी निव्वळ वेगळें राहण्यानें घटस्फोट होत नाहीं.

(इ) अपील झालें होतें काय? हिंदु विवाह कायद्याखालीं अपिलाची मुदत २००३ पासून नव्वद दिवसांची आहे. हुकूमनामा एकतर्फी असल्यास तो रद्द करून घेण्याचा अर्ज पुढें झाला होता काय, हेंही रजिस्टरांत पाहावें.

(ई) जमिनीवर बोजा आहे काय? पंचविसाव्या कलमान्वयें न्यायालयास कायम पोटगी देववितां येते व तिच्या हमीसाठीं देणाराच्या स्थावर मिळकतीवर बोजा ठेवितां येतो. अशी जमीन खरेदी करणाऱ्यानें हुकूमनामा शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा आणि सातबाराच्या इतर हक्कांच्या रकान्याशीं ताडून पाहावा.

(उ) तडजोडींत जमीन दिली आहे काय? संमतीच्या घटस्फोटांत पुष्कळदां ‘अमुक गटापैकीं अमुक गुंठे पत्नीस द्यावे’ असें ठरतें. जी जमीन मूळ दाव्याचा विषय नव्हती ती तडजोडीच्या हुकूमनाम्यांत आली, तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें त्याची नोंदणी आवश्यक होते. ती न केल्यामुळें हातीं हुकूमनामा असूनही बाईचें नांव उताऱ्यास लागत नाहीं, असा प्रकार घडूं शकतो.

७. स्टँपावरील सोडचिठ्ठी

आतां सर्वांत अडचणीचा प्रकार. चार पंचांसमक्ष स्टँप कागदावर सोडचिठ्ठी लिहिली, नोटरीचा शिक्का मारला, आणि घटस्फोट झाला असें समजून दोघांनींही दुसरीं लग्नें केलीं, अशीं उदाहरणें थोडीं नाहींत. कायदा काय म्हणतो तें पाहूं. एकोणतिसाव्या कलमानें रूढीनें मिळालेला घटस्फोटाचा हक्क राखून ठेविला आहे. परंतु ती रूढि त्या जातींत प्राचीन काळापासून अखंड चालत आलेली आहे हें तिचा आधार घेणाऱ्यानें दाव्यांत मांडून पुराव्यानिशीं सिद्ध केलें पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं सांगितलें आहे. रूढि सिद्ध न झाल्यास तो कागद निरुपयोगी ठरतो. नोटरीनें विवाहाचे किंवा घटस्फोटाचे दस्त करूं नयेत अशी ताकीदही केंद्र सरकारच्या विधि खात्यानें २०२४ सालीं दिली आहे.

असा कागद शोधावयाचा असल्यास दुय्यम निबंधकाकडे पाहावें. जमिनीचे दस्त पुस्तक नंबर १ मध्यें असतात व त्यांची सूची कोणासही पाहतां येते. सोडचिठ्ठीसारखा, जमिनीशीं संबंध नसलेला दस्त नोंदविला असल्यास तो पुस्तक नंबर ४ मध्यें जातो. आणि त्याची नक्कल फक्त दस्त करून देणारास, त्याखालीं हक्क सांगणारास किंवा त्यांच्या मुखत्यारासच मिळते. म्हणून त्रयस्थानें सूची २ चाळून ‘नोंद नाहीं’ असा निष्कर्ष काढूं नये.

ज्यांच्या घरीं असा कागद आहे व ज्यांच्या जातींत अशी रूढि खरोखर आहे, त्यांनीं दोन्ही पक्ष व जाणते साक्षीदार हयात असतांनाच दिवाणी किंवा कुटुंब न्यायालयाकडून लग्नसंबंध संपल्याचा जाहीरनामा करून घ्यावा. रूढि नसल्यास संमतीचा रीतसर अर्ज करावा. साक्षीदार गेले म्हणजे रूढि सिद्ध करण्याचें साधनही गेलें.

८. एक उदाहरण

समजा, एका शेतकऱ्याचें पहिलें लग्न १९९० सालीं आळंदीस लागलें. एक मुलगी झाली. १९९५ सालीं लग्न मोडलें म्हणतात. १९९६ सालीं दुसरें लग्न झालें. दोन मुलगे झाले. २०२४ सालीं तो मयत झाला. जमीन वडिलोपार्जित आहे. आतां वारस कोण?

खेडच्या न्यायालयांत शोध घेतां १९९५ चा घटस्फोटाचा हुकूमनामा मिळाला, असें धरूं. मग पहिली पत्नी वारस नाहीं. दुसरी पत्नी, दोन मुलगे व पहिल्या पत्नीची मुलगी हे वारस होत. मुलीचा हक्क आईच्या घटस्फोटानें बुडत नाहीं; उलट २००५ च्या दुरुस्तीनें ती भावांप्रमाणेंच सहहिस्सेदार आहे.

हुकूमनामा मिळाला नाहीं, केवळ स्टँपावरील सोडचिठ्ठी निघाली व रूढि सिद्ध झाली नाहीं, असें धरूं. मग पहिली पत्नी हीच विधवा. दुसरें लग्न निरर्थक. अठ्ठावीस वर्षें त्या शेतांत राबलेली दुसरी स्त्री विधवा म्हणून वारस होत नाहीं. तिचीं मुलें मात्र सोळाव्या कलमानें औरस मानलीं जातात, आणि बापाच्या हिश्शाची जी जमीन असेल तींत त्यांस वांटा आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १ सप्टेंबर २०२३ रोजीं दिला आहे. एका कागदाच्या असण्यानसण्यानें दोन स्त्रियांचें भवितव्य कसें उलटें होतें, हें यावरून दिसेल. दोघींचाही यांत अपराध नाहीं.

अशा प्रकरणीं तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आंत वर्दी द्यावी, हुकूमनाम्याची नक्कल सोबत जोडावी, व हरकत आल्यास मंडळ अधिकाऱ्यापुढें तीच हजर करावी. फेरफारानें मालकी ठरत नाहीं. लग्न मोडलें कीं नाहीं याचा अंतिम निर्णय तलाठी किंवा मंडळ अधिकारी देऊं शकत नाहीं. वाद खरा असल्यास १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखालीं वारस दाखल्याचा अर्ज किंवा दिवाणी दावा हाच मार्ग होय. जुने फेरफार तहसील कचेरींतून मागवून पाहावे. पूर्वींच्या एखाद्या नोंदींत ‘फारकत झाली’ असा शेरा मिळाल्यास तो घटस्फोटाचा पुरावा होत नाहीं, पण काळ व ठिकाण यांचा माग त्यावरून लागतो.

समारोप

सारांश असा कीं, प्रथम काळ ठरवावा, मग न्यायालय, मग नंबर, आणि शेवटीं नक्कल. हें काम मृत्यूनंतर वारसांनीं करण्यापेक्षां कर्त्या माणसानें हयातींत करणें शतपट सोपें आहे. ज्याच्या घरीं घटस्फोट झाला आहे त्यानें हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल खरेदीखताच्या पुडक्यांतच ठेवावी व तिचा नंबर मुलांस सांगून ठेवावा. मुलीचा घटस्फोट झाला असेल तर बापानें अथवा भावानें ती नक्कल आपल्या पेटींत न कोंडतां तिच्या हातीं द्यावी. पुनर्विवाहास, पोटगीस, मुलांच्या शाळेंतील नांवास तिलाच ती लागणार आहे. आणि ज्यास दुसऱ्याच्या घटस्फोटाची नक्कल कामापुरती मिळाली, त्यानें ती कामापुरतीच वापरावी. न्यायालयानें बंद दालनांत ऐकलेली गोष्ट चावडीवर वाचण्याचें कोणास कारण नाहीं.